परतवाड्याच्या बाजारातलं कार्ड

॥ श्री ॥
अमरावती,
दि. ८ ऑगस्ट २०२४

ती. सत्यभामाताईस,
खुशालचा सा. न. वि. वि.

तुझं गुडघ्यांच्या तक्रारीचं पत्र मिळालं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, तेव्हा पस्तीस वर्षं टपालात काढलेल्या माणसाने पत्रच लिहावं हे बरं. आजची बातमी मोठी आहे. चष्मा लाव आणि आधी खाली बस.

रिटायर झाल्यापासून मी जुनी चित्रांची पोस्टकार्डं जमवतो हे तुला माहीत आहे. आमच्या सूनबाईने, वर्षालीने, मोबाइलवर एक जागा दाखवून दिली आहे. तिथे जगभरातले माझ्यासारखे रिकामटेकडे आपापली कार्डं विकायला मांडतात. मागच्या रविवारी मी सहज परतवाडा असं टाकून पाहिलं. बेल्जियममधल्या एका माणसाकडे एक कार्ड निघालं, काळंपांढरं. मागे इंग्रजीत छापलेलं आहे की संत्री विकणारी बाई, परतवाडा, १९६३.

तूच सांगायचीस ना, की मी सहा महिन्यांचा असताना मेळघाटात निघालेला एक गोरा साहेब बाजारात थांबला, आईचा नि तुझा फोटो काढला आणि पाठवून देतो म्हणाला? त्याच पावसाळ्यात आई गेली. बाबा मात्र पुढे किती वर्षं पोस्टमनला हटकत राहिले की आमचं काही आहे का. मी टपालात गेलो तो त्यापायीच, हे मी कुणाला कधी बोललो नाही, आज तुला सांगतो.

चित्रात संत्र्यांनी भरलेली डाल आहे, तिच्यामागे एक बाई बसली आहे. मांडीवर पांढरं काहीतरी आहे, गाठोडं असावं. तिच्या पुढ्यात आठ-नऊ वर्षांची पोरगी उभी आहे. तिच्या फ्रॉकची एक बाही साधी आणि दुसरी ठिपक्यांची. आणि बाईच्या चेहऱ्यावर नेमकी विकणाऱ्याच्या नावाची जाड पांढरी पट्टी! कुणी चित्र फुकट उचलू नये म्हणून ते लोक अशी पट्टी मारतात. खऱ्या कार्डावर ती नसते.

मी कार्ड विकत घेतलं. महिनाभरात येईल. आपल्या घरात आईचा एकही फोटो नाही. बाबा गेल्यावर महाराजांनी आईच्या श्राद्धाची अविधवा नवमी बंद करायला सांगितली होती, पण मी अजून आईचं पान वाढतो, रिकाम्या पाटासमोर. यंदा २५ सप्टेंबरला पाटावर तिचा फोटो असेल. बासष्ट वर्षांचा झालो ताई, आईचं तोंड एकदा पाहायचं आहे. मोबाइलवरच्या चित्राची छापील प्रत सोबत पाठवतो. ती आईच ना, एवढं मात्र कळव.

भाच्याला, किशोरला, आणि त्याच्या मंडळींना आशीर्वाद. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
खुशाल


अकोला,
दि. १४ ऑगस्ट २०२४

चि. खुशालला सत्यभामाचे अनेक आशीर्वाद.

राखी सोबत पाठवते आहे. किशोरच्या बायकोने आणली, तिच्या आवडीची आहे, तेव्हा चमकीबद्दल मला बोलू नकोस.

तुझं चित्र पाहिलं. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना जेवढं दिसावं तेवढं दिसलं. ठिपक्यांच्या बाहीचं म्हणशील तर कापड कमी पडलं की दुसरा तुकडा जोडायची रीत तेव्हा घरोघरी होती. परतवाड्याच्या बाजारात संत्री विकणाऱ्या बाया तरी काय एक होत्या? उगाच आस लावून बसू नकोस. परत करता येत असेल तर करून टाक. एवढे पैसे घालून कागदाचा तुकडा सातासमुद्रापलीकडून मागवायचा, हे आपल्या बाबांनी ऐकलं असतं तर डोक्यावर हात मारून घेतला असता.

आई कशी होती ते तुला मी शंभरदा सांगितलं आहे. गोरीपान, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हसली की उजव्या गालाला खळी आणि हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण. एवढं पाठ असताना तुला आणखी फोटो काहून पाहिजे?

मळ्यातल्या संत्र्यांच्या आंबिया बहराचं काय? फळगळ फार आहे असं किशोर म्हणत होता. वर्षालीला माझा निरोप सांग की सासऱ्याच्या हाती मोबाइल कमी दे. जीव लावतोस तसाच लावत जा.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
अमरावती,
दि. ४ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा पोळा झाला. मळ्यावर जाऊन आलो. बैलजोडी आता शेजाऱ्याची, पण पुरणपोळीचा घास मीच भरवला. आनंद तेवढ्यावरच संपला, कारण आपलं कार्ड मुंबईत कस्टममध्ये अडकलं आहे.

चूक त्यांची नाही, माझीच आहे. बाहेरून आलेल्या वस्तूचा खुलासा मागणारा एक फॉर्म असतो. तुला माझी सवय माहीत आहे. नोकरीभर मी लोकांना हेच दटावत आलो की फॉर्मातला रकाना कधी रिकामा सोडायचा नाही. यात शेवटचा रकाना वस्तूच्या वापराचा होता. तो भरायची सक्तीही नव्हती. मी भरला, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, पूजेसाठी.

झालं! परदेशातून आलेली जुनी वस्तू, ती पण पूजेची. कागद थेट पुराणवस्तूंच्या छाननीत गेले. मी फोन केला तर तिथल्या बाईंनी अगदी अदबीने विचारलं की मूर्ती कोणत्या धातूची आहे. मी सांगितलं की मूर्ती नाही, कागद आहे. त्या म्हणाल्या की मग पोथी आहे का, किती शतकं जुनी. मी म्हणालो की माझ्याहून जेमतेम एका वर्षाने लहान आहे. मागून माझा टपालातला दोस्त मोतीराम कपाळ बडवत म्हणाला की खुशालराव, तुमाले लिवाचंच होतं तं संग्रहासाठी लिवाचं, पूजा काहून काढली मधात! पण ताई, दुसरं काय लिहिणार होतो? खरं तेच लिहिलं.

आता त्यांनी लेखी खुलासा मागितला आहे. मी लिहितोच आहे, पण त्याला पुरावा हवा. तो फोटो काढताना हजर असलेलं जिवंत माणूस आता एकच आहे. तू एका कागदावर लिहून सही करून दे की या कार्डावरची बाई आमची आई गंगूबाई आहे, मी हिला चेहऱ्याने ओळखते. बस, एवढंच. नवमीला एकवीस दिवस उरले आहेत.

मागच्या पत्रात तू कार्ड परत कर म्हणालीस ते मला लागलं. तू नऊ वर्षं आईच्या कुशीत झोपलीस. तुझ्याकडे ती पोटभर आहे. माझ्याकडे तुझ्या तोंडून ऐकलेली एक खळी आणि तीन ठिपके, एवढीच आहे. मी जास्त मागतो आहे का?

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस. चिठ्ठीची वाट पाहतो.

तुझा,
खुशाल


अकोला,
दि. ११ सप्टेंबर २०२४

चि. खुशालला आशीर्वाद.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण तुझ्यासाठीच निघाली असावी, आणि तीही नेमकी पोळ्याच्या दिवसांत. तुझं पत्र वाचून आधी हसले. मग ती चिठ्ठी लिहायला बसले आणि चार दिवस बसूनच राहिले.

तू मागतोस तसं मला लिहून देता येत नाही. त्या बाईला मी चेहऱ्याने ओळखते अशी सही मी करू शकत नाही. पट्टी आहे म्हणून नव्हे रे. पट्टी नसती तरी मला ओळखता आलं नसतं. खुशाल, मला आईचा चेहरा आठवत नाही.

कधीपासून आठवत नाही ते पण सांगते. तू सात वर्षांचा असशील. शाळेतून रडत आलास, कुणीतरी चिडवलं होतं की तुले माय नाही. रात्री विचारलंस की आई दिसायची कशी. मी सांगायला तोंड उघडलं आणि डोळ्यांपुढे काहीच येईना. तू तर टक लावून बसलेला. मग सुचेल ते सांगत गेले. गोंदण आपल्या पार्बतामावशीचं, तिच्या हनुवटीवर होतं. कुंकू शेजारच्या चंदाकाकूचं. खळी कुणाची ते मलाही माहीत नाही, ती बहुधा मीच लावून दिली. तुझं रडं थांबलं. दुसऱ्या रात्री तू पुन्हा विचारलंस, पुन्हा तेच सांगितलं. सांगून सांगून ते इतकं पक्कं झालं की मलाही खरं वाटायला लागलं.

आता कार्ड येईल, पट्टी निघेल आणि चेहरा निराळाच निघेल, या भीतीने मी परत कर म्हटलं. पंचावन्न वर्षं मी तुला दुसऱ्याच बायांचे तुकडे जोडून आई दिली. त्या फ्रॉकच्या बाहीसारखी. तो फ्रॉक माझाच आहे. पहिल्या नजरेतच ओळखला होता.

जे खरंच आठवतं ते सांगते. तिचे हात आठवतात. नखांत संत्र्याच्या सालीचा वास कायम असायचा, आंघोळीनंतरही जायचा नाही. माझी वेणी घातली की दिवसभर माझ्या केसांना तो वास यायचा. पाच-पाच संत्री दोन्ही हातांनी उचलून मोजायची आणि पहिल्या खेपेला एक म्हणायची नाही, लाभ म्हणायची. लाभ, दोन, तीन. तो आवाज अजून येतो, या बहिऱ्या कानांनाही येतो. पण वर पाहिलं की चेहरा नाही. मी आईवेगळी झाले तेव्हा नऊ वर्षांची होते, तू वर्षाचाही नव्हतास. लोक तुला पोरका म्हणायचे. मी तुला कडेवर घेऊन फिरायचे, म्हणून माझ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

चिठ्ठी सोबत आहे. फ्रॉक माझा, डाल आमची, साहेब आला तेव्हा मी तिथे होते, एवढं लिहून सही केली आहे. चेहऱ्याबद्दल काही लिहिलं नाही. कस्टमला चालतं का पाहा. यानंतरही ताई म्हणावंसं वाटलं तर म्हण.

सत्यभामा


॥ श्री ॥
अमरावती,
दि. २४ सप्टेंबर २०२४

ती. सत्यभामाताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र टपालात टाकत नाही. मोतीराम आज दुपारच्या गाडीने अकोल्याला लेकीकडे येतो आहे, त्याच्या हाती देतो. उत्तराला उशीर झाला. तुझी चिठ्ठी मुंबईला पाठवली, पण तुला लिहायचं टाळत राहिलो. खोटं का सांगू, दोन दिवस रागही आला होता. गोंदण पार्बतामावशीचं म्हटल्यावर मला असं वाटलं की आई आज दुसऱ्यांदा गेली. वर्षालीने दोनदा विचारलं की बाबा, तुम्ही जेवत का नाही.

काल कार्ड आलं. सोबत माझ्या फॉर्मची प्रत होती. पूजेसाठी हा शब्द खोडून कुणीतरी हाताने तिथे कौटुंबिक असं लिहिलं आहे. तुझ्या चिठ्ठीनेच काम झालं असणार.

पाकीट मी आंघोळ करून, पाट मांडून उघडलं. पट्टी नव्हती. आणि ताई, चेहराही नाही. साहेबाने बटण दाबलं त्याच घटकेला आई खाली वाकली आहे. पदर पुढे आला आहे, दिसतो तो फक्त भांग. मांडीवरचं पांढरं गाठोडं म्हणजे मी. तोंड वासून रडतो आहे, आणि तिच्या बोटांत सोललेली फोड आहे, ती माझ्या ओठांना लावायला वाकली आहे. मी रडलो नसतो तर ती समोर पाहत राहिली असती. आयुष्यभर जो चेहरा शोधला तो मीच झाकला. सकाळपर्यंत हेच मनात घोळत राहिलं.

सकाळी उजेडात भिंग घेऊन पुन्हा बसलो, तेव्हा तुझ्याकडे पाहिलं. बाजारातला प्रत्येक माणूस, पार मागचा सायकलवाला सुद्धा, साहेबाच्या यंत्राकडे पाहतो आहे. तू पाहत नाहीस. तू आईच्या हाताभर अंतरावर, तिच्या अगदी समोर उभी आहेस आणि सरळ तिच्या तोंडाकडे पाहून हसते आहेस. सगळे दात दिसतात, पुढचा एक पडलेला आहे. तिने वाकल्या वाकल्या तुला काहीतरी म्हटलं असणार.

आईचा चेहरा त्या कागदावर नाही, पण तो पाहणारी तू आहेस. तुला तो आठवत नाही हे मी मान्य करतो. पण तू पाहिला होतास हे आता छापील आहे. आणि एवढं हसून पाहण्यासारखा होता, हेही आहे. मला पुष्कळ झालं. माझं रडं थांबवायला ती वाकली आणि नंतर माझं रडं थांबवायला तू खळी लावलीस. यात मला खोटं काही दिसत नाही. आणि तुझं रडं कुणी थांबवलं नाही, हे मला बासष्टाव्या वर्षी कळलं, त्याची लाज वाटते.

उद्या नवमी आहे. किशोरला सांग, सकाळच्या पहिल्या गाडीने तुला बसवून दे. मी स्टँडवर उभा राहीन. पाटावर कार्ड ठेवू. पान वाढताना पहिल्या पोळीला तू लाभ म्हण. मग जेवणं झाल्यावर शेजारी बस आणि आई कशी होती ते मला पुन्हा सांग, सात वर्षांच्या पोराला सांगायचीस तसं, पहिल्यापासून. त्यातलं काही कमी करू नकोस. हनुवटीवरचं गोंदण तर अजिबात काढू नकोस.

तुझ्या मायेवर वाढलेला,
खुशाल