तळाशेजारचा सत्यम

३ मार्च, सकाळ
आजपासून रोज एक तास अभ्यास. १५ तारखेला अंबाजोगाईत व्याख्यान : ‘श्रीमंत तेलदेशांचं संरक्षण’. तीस वर्षं वडवणीत राज्यशास्त्र शिकवलंय. शिवाय मुलगा सत्यम तिकडंच, आखातात, अमेरिकी तळावर एसी मेकॅनिक. वक्त्याला आणखी काय पाहिजे?

५ मार्च
अभ्यास झाला नाही, पण सिद्धांत तयार. या देशांकडं पैसा आहे, माणसं नाहीत. म्हणून विमानं विकत घ्यायची, शिपाई परदेशातून भरायचे, अंगणात महासत्तेला तळ द्यायचा. मग हात लावतो कोण?
बायकोनं, रुक्मिणीनं, विचारलं, “अन् त्या अमेरिकेचंच या देशांच्या शेजाऱ्याशी वाजलं तर?”
बाळबोध प्रश्न. उत्तर उद्या.

८ मार्च
वाजलं. शेजारी देश म्हणतो, तळ उडवू. सत्यमचा फोन : “बाबा, कंपनी सुट्टी देतीय. विमानं चालू हायेत तवर येऊ का?” सून वर्षाराणी दारात उभी. मी वीस मिनिटं डेटरन्स, म्हणजे धाकानंच हल्ला रोखणं, समजावला. तळाशेजारी राहतोस, म्हणजे सगळ्यात सेफ. तो म्हणाला, “तुमी म्हणता तर थांबतो.”

९ मार्च
वर्षाराणी माझ्याशी बोलत नाही. भावनेवर धोरण चालत नसतं.

११ मार्च, सकाळ
तळावर क्षेपणास्त्रं. टीव्ही म्हणतो, बहुतेक हवेतच पाडली. म्हणजे सिद्धांत ढोबळमानानं बरोबर. सत्यमचा फोन बंद. चार्जिंग संपलं असेल.

संध्याकाळ
फोन बंदच. रुक्मिणी जेवली नाही. मी जेवलो, घरात कुणीतरी शांत राहायला पाहिजे. मग उलटी झाली. ॲसिडिटी.

१२ मार्च
सत्यमचा रूममेट परमेश्वर, पाटोद्याचा, त्याचा फोन आला. पाडलेल्या क्षेपणास्त्राचा तुकडा कामगारांच्या बराकीवर पडला. सत्यम दवाखान्यात. उजवा पाय गुडघ्यापासून काढला.
तिथल्या सरकारनं निषेध केला आणि अमेरिकेकडं आणखी क्षेपणास्त्ररोधक यंत्रणा मागितली.

१४ मार्च
व्याख्यानात ‘सिद्धांताच्या मर्यादा’ असा मुद्दा घालावा. पाच मिनिटं पुरेत.

१५ मार्च
गेलो नाही. तब्येत बरी नाही असं कळवलं. आयोजक म्हणाले, हरकत नाही सर, तसंही कुणी जमलेलं नाही.

१६ मार्च
सत्यमचा व्हिडिओ कॉल. आईशी बोलला, वर्षाराणीशी बोलला. मी खुर्ची जवळ ओढून बसलो, शर्टही बदलला होता. वर्षाराणीनं त्याला विचारलं, “बाबांना देऊ का?”
तो म्हणाला, “नको.”
आवाज अगदी स्पष्ट येत होता.