नवशिक्यांना झेपेल का?

१२ सप्टेंबर

संख्याशास्त्राचं चारशे पानांचं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून आमच्या कॉलेजचा डीन ॲबरनेथी म्हणाला, "हॅलिना, नवशिक्यांना झेपेल का, एवढंच सांगा. ऑक्टोबरअखेर अहवाल द्या."

जुनं पुस्तक बदलायचंय. बदलायलाच हवं. नर्सिंगला जायचं तर आधी संख्याशास्त्र पास व्हावं लागतं, आणि दरवर्षी कितीतरी पोरी माझ्याच वर्गात अडकून घरी जातात. गावात नर्स मिळत नाही म्हणून सगळे ओरडतात — आणि दार अडवून मीच उभी!

लेखिकेचं नाव कधी ऐकलेलं नाही. मुखपृष्ठ भलतंच रंगीत. माझं मत आधीच वाईट.

१४ सप्टेंबर

मत बदललं.

पहिल्या प्रकरणात एकही सूत्र नाही. दोन गावं आहेत, दोन्हींचं वर्षाचं सरासरी तापमान एकच. एका गावात एका कोटावर वर्ष निघतं, दुसऱ्यात तीन लागतात. 'हे सरासरीनं तुम्हाला का सांगितलं नाही?' असं विचारून बाई गप्प बसते. मॅनिटोबाच्या थंडीत राहणाऱ्या माणसाला आणखी काय समजावायचं? पुढे बऱ्याच पानांनी प्रमाण विचलनाचं सूत्र येतं. तोवर कोणता आकडा मधल्यापासून किती लांब पळालाय हे डोळ्यांनी जोखायची सवय झालेली असते. सूत्र येतं ते पाहुणा येतो तसं — दार ठोठावून.

१९ सप्टेंबर

नववं प्रकरण, गृहीतकाची चाचणी. इथे भलेभले घसरतात. ही म्हणते, समजा, औषधाचा काहीच उपयोग होत नाही. मग समोर जे दिसतंय त्याचं तुम्हाला किती आश्चर्य वाटेल? ते आश्चर्य मोजायचं. बस्स.

पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले. हेवा वाटला. खोटं कशाला लिहू.

२२ सप्टेंबर

अडचण अशी — मला आवडलं, पण मी कुठे नवशिकी? जिला सगळं येतं तिला सगळंच सोपं वाटणार. माझ्या मताला काडीची किंमत नाही.

टॅन्सी देजार्लेला फोन केला. वृद्धाश्रमात काम करते, म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, भरवते. नर्स व्हायचंय. माझ्या विषयात दोनदा नापास.

"मिसेस पी., तिसऱ्यांदा नापास करायला बोलावताय?"

"या वेळी परीक्षा पुस्तकाची आहे. पास की नापास, तू ठरवायचंस."

बराच वेळ हसली. मग म्हणाली, "कधी येऊ?"

२८ सप्टेंबर

टॅन्सी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पुस्तक घेऊन बसली. मी ठरवलं होतं, अवाक्षर बोलायचं नाही. शिकवायचं तर मुळीच नाही. पिरोगी करायला घेतल्या — पारी लाटायची, बटाटा भरायचा, तोंड बंद. फार अवघड गेलं. ती ओठ हलवत वाचते. मध्येच थांबते. तेव्हा माझी जीभ शिवशिवते.

मग एकदम म्हणाली, "अहो, हे तर मिस्टर हेंड्रीचं ब्लडप्रेशर."

"म्हणजे?"

"आमच्याकडे दोघं आहेत. महिन्याची सरासरी सारखीच. एकाचं रोज जागच्या जागी. हेंड्रीचं आज आभाळात, उद्या पाताळात. सरासरी बघून सगळे म्हणतात, दोघंही ठीक. मी मात्र येता-जाता हेंड्रीच्याच खोलीत डोकावते." पानावर बोट टेकवून बसली. "ह्याला नाव आहे होय. मला वाटायचं, मीच भित्री."

हाच धडा जुन्या पुस्तकातून माझ्या वर्गात हिनं दोनदा घोकला होता. तेव्हा हेंड्री मध्ये आला नव्हता.

५ ऑक्टोबर

अडली. सातवं प्रकरण. एकाच पानावर तीन नवी चिन्हं, आणि उदाहरण मात्र पान उलटल्यावर. लिहिता लिहिता बाई दमली असावी.

"इथपर्यंत हात धरून आणलं," टॅन्सी म्हणाली, "आणि भर रस्त्यात सोडून कॉफी प्यायला गेली."

हे वाक्य अहवालात जसंच्या तसं घालणार. पण एक खरं — तिनं पुस्तक मिटलं नाही. मागची पानं उलटली, पुन्हा वाचलं, पेन्सिलीनं काहीतरी खरडलं आणि गाडी पुढे निघाली. जुनं पुस्तक एव्हाना जमिनीवर असतं.

९ ऑक्टोबर

कॉरिडॉरमध्ये ॲबरनेथी भेटला. मी पुस्तकाचं तोंडभरून कौतुक केलं.

"म्हणजे एकट्यानं वाचूनही कळेल?"

"कळेलसं वाटतं."

"मग इथे वर्ग कशाला भरवायचा? जानेवारीपासून शहरातून, विनिपेगहून, ऑनलाइन घेऊ. तुम्हालाही जरा आराम."

वाईट माणूस नाही. खरंच माझं भलं केल्यासारखं हसला. आराम मी कुणाकडे मागितला होता? माझा नवरा इव्हान गेल्यापासून मंगळवार-गुरुवारच्या त्या तासांवरच माझा आठवडा उभा आहे.

१० ऑक्टोबर

अहवालात 'शिक्षक अत्यावश्यक' एवढं लिहिलं की झालं. कोण तपासणार?

१३ ऑक्टोबर

आठवं प्रकरण टॅन्सीला घरी एकटीनं वाचायला सांगितलं होतं. आज आली ती मान खाली घालून.

"उघडलं होतं हो. मग भांडी दिसली. मग मांजर. मग झोपच लागली." पुस्तक टेबलावर ठेवत म्हणाली, "तुम्ही काही शिकवत नाही, खरंय. पण तुम्ही समोर असता ना, उठून जायची लाज वाटते."

आत कुठेतरी लाडू फुटला. मिळाला पुरावा! शिक्षक हवाच!

संध्याकाळी शुद्धीवर आले. एका माणसावरून निष्कर्ष? त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात याच मूर्खपणावर सबंध पान आहे.

म्हणून दुसरी प्रत पेत्रोला दिली. माझा थोरला भाऊ. शाळा नववीत सोडली, ट्रॅक्टरवर बसला तो आजतागायत. कापणी उरकलीय, घरात नुसता येरझाऱ्या घालतोय. "एकट्यानं वाच," म्हटलं, "मला काही विचारायचं नाही."

"तुला कोण विचारतंय?" म्हणाला.

२५ ऑक्टोबर

पेत्रोकडे जेवले. पुस्तक खिडकीत पडलं होतं, त्यावर त्याचा चष्मा. सहा प्रकरणं झालीत!

"कुणी मदत केली?"

"कोण करणार, कोंबड्या?" बोर्श्ट, आमचं बिटाचं सूप, वाढता वाढता म्हणाला, "हॅलिना, गव्हातला ओलावा बघायला मी नमुना कायम ट्रकच्या मागच्या कोपऱ्यातून घ्यायचो. हात तिथेच पोचतो ना. ही बाई म्हणते, हाताला येतं ते सगळ्याचं प्रतिनिधित्व करत नाही. म्हणून वर चढून चार ठिकाणचा घेतला. मधला गहू ओला."

"इतकी वर्षं चुकत होतास हे वाचून राग नाही आला?"

"तिचा? छे. ती सांगते तेव्हा मी मूर्ख आहे असं नाही वाटत. तू सांगतेस तेव्हा वाटतं."

बोर्श्ट छान झालं होतं. आणखी एक वाडगा मागून घेतला.

२९ ऑक्टोबर

अहवाल पाठवला.

नवशिक्यांसाठी योग्य — इतकं योग्य पुस्तक मी पाहिलेलं नाही, असं पहिल्याच ओळीत लिहिलं. सातवं प्रकरण दुरुस्त व्हावं. सरावाची उत्तरं फार त्रोटक आहेत. मग लिहिलं, की दोन माणसांना वाचायला दिलं. एकाला ते एकट्यानं जमलं, एकीला जवळ कुणीतरी बसल्याशिवाय जमलं नाही. आणि एवढ्यावरून वर्ग हवा की नको, हे कुणीही ठरवू नये. मीही नाही.

'अत्यावश्यक' हा शब्द लिहून पाहिला होता. खोडला. असल्या पुस्तकाबद्दल खोटी साक्ष द्यायची म्हणजे फार झालं.

१८ नोव्हेंबर

पुस्तक मंजूर. वर्ग जानेवारीपासून बंद.

"तुमच्या अहवालामुळेच निर्णय सोपा झाला," ॲबरनेथी म्हणाला. पहिली ओळ वाचून थांबला असणार.

घरी येईपर्यंत चडफडत होते. त्याच्यावर. पुस्तकावर राग धरायला गेले, पण जमेना. उद्या पुन्हा कुणी विचारलं तर हेच सांगेन — हेच घ्या.

९ डिसेंबर

शेवटचा तास. फळा मीच पुसला.

१४ जानेवारी

टॅन्सीचा फोन. ऑनलाइन वर्गात नाव घातलंय. तिच्याबरोबर वृद्धाश्रमातल्या आणखी तिघींनी. एकीला तर पेन हातात धरून जमाना लोटलाय. शिफ्ट सुटली की दर गुरुवारी जेवणघरात पुस्तक घेऊन बसणार आहेत.

"मी येऊ?" लगेच विचारलं.

"नको, मिसेस पी.," ती म्हणाली. "मी आहे ना. काही न बोलता जवळ बसायचं असतं — ते मला आता येतं."