उजव्या बाजूला

चैताली,

हर्नियाच्या ऑपरेशनआधी ईसीजी लागतो, म्हणून आज सकाळी नाशिक रोडच्या एका दवाखान्यात गेलो. छातीला गार जेल लागलं, डोळे मिटले, आणि मी पाण्यावर तरंगतोय असं वाटलं.

यंत्रावरची मुलगी कागद पाहून थबकली. "काका, हाताच्या वायरी उलट्या लागल्या वाटतं." तिने तपासल्या. बरोबर होत्या. मग डॉक्टर आले. त्यांनी स्टेथोस्कोप हळूहळू उजवीकडे सरकवला आणि हसले. "तुमचं हृदय उजव्या बाजूला आहे. जन्मापासूनच. घाबरू नका, छान चाललंय."

मला गंगापूर धरणाच्या काठची दुपार दिसली. माझ्या छातीवर डावीकडे कान ठेवून तू पडली होतीस. "काहीच ऐकू येत नाही रे. काळीज आहे की नाही तुला?" आपण खूप हसलो होतो. पुढे वडील गेले तेव्हा मी रडलो नाही, तू मनमाडला निघालीस तेव्हा थांब म्हणालो नाही. त्या दिवशी तू तेच पुन्हा विचारलंस, न हसता. काळीज नसेलच, असं मीही धरून चाललो. लग्न केलं नाही.

मुलीने हाताच्या वायरी मुद्दाम उलट्या लावल्या, छातीवरच्या उजवीकडे नेल्या. आता रेघा नेहमीसारख्या आल्या. जेल पुसायला कापूस देत ती म्हणाली, "काकूंना सांगा हं, आता या बाजूला कान लावायचा."

"सांगतो," मी म्हणालो.

रविराज