सोळा म्हणजे अनंत

प्रिय भिमा,

पत्रारंभी कुशल विचारण्याचा शिष्टसंप्रदाय आहे. तो मी हेतुतः मोडतो, कारण तुझ्या कुशलाविषयी मला आजवर प्राप्त झालेली यच्चयावत माहिती संशयास्पद ठरली आहे. सगुणावहिनी वारल्या, त्यांच्या जलदानविधीनंतर तू वरव्याच्या मनोऱ्याची किल्ली माझ्या तळहातावर ठेवलीस, "येतो थोड्या दिवसांनी" म्हणालास, आणि तेव्हापासून तुझा भ्रमणध्वनी जो निद्रिस्त झाला, तो झालाच. तू कसा आहेस, एवढाच माझा प्रश्न आहे. परंतु सरळ प्रश्न सरळ विचारण्याची सवय मला नाही, हे तू जाणतोस. सबब आधी माझ्या संशयाचे पुराण ऐक.

वेल्हे, पानशेत आणि वरवे अशा तीन ठिकाणी मनोरे उभारून अवघ्या खोऱ्याला इंटरनेट पाजणारी आपली ही महान संस्था. भागीदार दोन, वाहन एक, तेही तुझी स्कूटर. तू गेलास आणि अर्धे संचालक मंडळ व संपूर्ण वाहनविभाग एकाच दिवशी अंतर्धान पावला. जो मित्र फोन उचलत नाही तो प्रतिस्पर्ध्याच्या गोटात शिरलेला असतो, असा विशुद्ध तर्क मी लढवला. वेल्ह्याच्या स्टँडवर चहा घेताना भाजीच्या टेम्पोवाल्या बंडूला मी म्हणालो, "आपले भिमाजीराव पुण्यातल्या एखाद्या कंपनीत सिंहासनाधिष्ठित झाले असणार." हा विनोद होता. बंडूला विनोद समजतो, हे गृहीतक मात्र सर्वथा निराधार होते.

पुढच्याच आठवड्यात पानशेतहून सरूबाईंचा फोन आला. त्यांच्या खानावळीच्या छतावर आपला मनोरा आहे, त्यामुळे नेट मंदावले की पहिली शिवी त्यांचीच येते. त्या दिवशी शिवीबरोबर वार्ताही आली, "भिमाभाऊ पुन्यात कामाला लागलं म्हनं. लई मोठी कंपनी हाय." माझ्या संशयाला स्वतंत्र साक्षीदार लाभला! मी क्रोधाविष्ट होऊन बंडूला ऐकवले की, कंपनी एवढी मोठी असेल तर महाशयांनी सदनिकाही घेतली असेल. काही दिवसांनी सरूबाई म्हणाल्या, "फ्लॅट घेतला म्हनं, लिफ्टचा." मी बंडूसमोर मोटारीची शंका व्यक्त केली. मोटार आली. अखेरीस सरूबाईंनी तुला दुबईला पोचवले. "आता कशाला येतंय त्ये हितं?" असा समारोपही त्यांनी केला. मी कार्यालयाच्या पाटीवरचे तुझे नाव पुसण्यासाठी रंगाचा डबा विकत आणला. मनोऱ्याच्या दुरुस्तीला वरव्यात येत होतो, पण तुझ्या आळीच्या तोंडाशी आलो की दुबईकराच्या बंद घराकडे पाहायला नको म्हणून मान फिरवत होतो.

पाटी रंगवण्यापूर्वी आपला जुना वाद निकाली काढावा आणि तू ज्ञानाच्या प्रांतातही अपराधी होतास हे सिद्ध करावे, अशी मला दुर्बुद्धी झाली. एखादी जोडणी तुटली तर जाळे किती लवकर सावरते, हा तो वाद. माझी पद्धत जुनी आणि श्रद्धाळू. मनोऱ्यावरच्या प्रत्येक यंत्राने फक्त शेजारच्या यंत्राचे ऐकायचे, शेजारी म्हणाला अमुक गाव तीन टप्प्यांवर, की आपण म्हणायचे चार. तुझी पद्धत संशयात्मा. ऐकीव काही मानायचे नाही, प्रत्येकाने आपापल्या जोडण्यांची खबर सर्वांना द्यायची आणि प्रत्येकाने साऱ्या मुलखाचा नकाशा स्वतः काढायचा. तू म्हणायचास, "सर्जा, तुझी यंत्रं चावडीवर बसून गप्पा मारत्यात." मी तुला नकाशाखोर म्हणायचो.

रविवारी दोन्ही पद्धती आळीपाळीने लावून परीक्षा घेतली. वेल्हे-पानशेत दुवा तोडण्यासाठी सरूबाईंना छतावर चढवले. सरूबाई शिडीवरून खाली उतरण्याच्या आत तुझ्या पद्धतीने वरव्यावरून नवी वाट काढली. माझ्या पद्धतीला तीच वाट सापडेपर्यंत त्यांनी भज्यांचा एक घाणा तळून गिऱ्हाइकाला वाढलाही. इथवर पराभव सह्य होता. मग दुवा पूर्ववत करून पानशेतपलीकडच्या शाळेची एकुलती तार काढायला सांगितली. शाळेला सुट्टी होती. तुझ्या नकाशाने क्षणात कबूल केले की शाळेकडे आता रस्ता नाही. माझी यंत्रे मात्र कबूल करीनात. वेल्ह्याचे म्हणे, शाळेची वाट वरव्याला ठाऊक आहे. वरव्याचे म्हणे, पानशेतला. पानशेतचे म्हणे, वेल्ह्याला. प्रत्येकजण ऐकलेल्या अंतरात एकाची भर घालून तीच बातमी पुढे ढकलत होता. रस्ता केव्हाच मेला होता आणि आकडा वाढत होता. सात, आठ, नऊ. या पद्धतीत सोळा म्हणजे अनंत. बातमी इतकी लांबली म्हणजे मुळात वाटच नाही, असे तेव्हा कुठे यंत्र मान्य करते.

आकडा चढताना पाहत होतो आणि अकस्मात मला कंपनी आठवली, मग लिफ्ट, मग मोटार. दुबई आठवली तेव्हा हातातला चहा मी तसाच खाली ठेवला. सरूबाईंना फोन लावून विचारले, भिमाची खबर तुम्हाला कुणी दिली? "कुनी म्हंजी? बंडूनं." बंडूला गाठले. तो टेम्पोतून उतरलासुद्धा नाही. "आवो, तुमीच तर म्हनला व्हता! मला काय सपान पडतंय?" भिमा, माझाच विनोद खोऱ्याची प्रदक्षिणा करून, प्रत्येक फेरीत श्रीमंत होऊन, पुरावा म्हणून माझ्याकडे परतत होता. मी, सरूबाई, बंडू, तिघांनाही तुझी बित्तंबातमी होती, आणि त्या विधीनंतर तुला डोळ्यांनी पाहिलेला आमच्यात एकही नव्हता.

आता हे पत्र का, ते सांगतो. आज सकाळच्या एसटीने मी वरव्यात आलो. तुझी स्कूटर अंगणात आहे, तिच्या सीटवर कोंबडी बसली आहे. शेजारच्या धोंडाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "दुबई न्हाई न् काई न्हाई. आतच हायती. उंबऱ्यावर भाकरी ठिवली की घेत्यात, कवा कवा तशीच ऱ्हाती. दार न्हाई उघडत. तुमी कुठं व्हता?" मी कडी वाजवली, हाका मारल्या, माझ्या दर्जाला न शोभणाऱ्या दोन शिव्याही दिल्या. कडी निघाली नाही. तेव्हा समोरच्या दुकानातून वही घेतली आणि तुझ्या पायरीवर बसून हे लिहीत आहे. मघाशी आतून खोकल्याचा आवाज आला. तो तुझाच असावा, असा मला दाट संशय आहे. वहिनींच्या जाण्यावर माझ्यापाशी बोलण्यासारखे काही नाही, आणि जे कोणी ऐकीव सांत्वन सांगेल ते तू मानणारही नाहीस. मानू नकोस. कामाचे मी विचारणार नाही, तुझ्या नावाची पाटी जागेवर आहे. धोंडाबाईंनी दोघांपुरते पिठले टाकले आहे आणि ते थंड होत आहे. हे कागद दाराच्या फटीतून आत सरकवतो. उत्तर लिहीत बसू नकोस. कडी काढ. तू काढीपर्यंत मी इथून हलणार नाही, आणि ही बातमी ऐकीव नाही.

तुझाच, पायरीवर बसलेला
सर्जेराव