डाव्या मागच्या दाराची शीळ

कोरगाव, पेडणे
शुक्रवार, दुपार

सौ. कमलताईंना अमृताचा वाकून नमस्कार.

तुम्ही, भावोजी आणि निहार सगळे मुरगावच्या खाऱ्या वाऱ्यात ठणठणीत असाल. भावोजींचा गुडघा जिना चढताना अजून कुरकुरतो का? इथे तुमचा भाऊ बरा आहे, मी बरी आहे, आणि आई तर इतक्या बऱ्या आहेत की त्याबद्दलच लिहायला बसले. (फोनवर तुम्ही दुसऱ्याच वाक्याला "थोडक्यात सांग" म्हणता, म्हणून कागद घेतला.)

गणपतीतल्या पंचमीला तुम्ही नवी गाडी घेऊन उभ्या उभ्या आलात आणि आईंना कानाचं यंत्र देऊन गेलात. आईंनी ते कानात घातलं, अंगणातला कावळा ऐकला आणि डोळे पुसले. पुढच्या गुरुवारी आम्ही नेहमीसारखे डिचोलीला सरस्वतीमावशींकडे निघालो. आमची गाडी जुनी, पण वैशाखात घेतल्यापासून तिने कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी हमरस्त्यावर काटा साठच्या पुढे गेला आणि आतमध्ये कुकर लावल्यासारखी शिट्टी सुरू झाली. आम्हांला शिट्टी, पण यंत्र लावलेल्या आईंना ती किती मोठी झाली असेल? "माझ्या कानांत कोणी गिरण घातल्यान गो?" असं म्हणून त्यांनी यंत्र काढलं आणि पर्समध्ये टाकलं. डिचोलीला पोचल्यावर ते पर्समध्येच राहिलं. मावशी बोलत राहिल्या, आई मान हलवत राहिल्या. मावशींनी न्हाणीत पडल्याचं सांगितलं तर आई हसून म्हणाल्या, "बरें जालें." असे तीन गुरुवार झाले. चौथ्या गुरुवारी आई तयारच झाल्या नाहीत. "जावन कितें करूं? दोन खांब समोरासमोर बसपाचे," म्हणाल्या आणि कुळीद निवडत बसल्या. आठ वर्षांत न चुकलेला गुरुवार, ताई. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग तुमच्या भावाने कंबर कसली. त्याने कुठेतरी पाहिलं की दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर तिथून वारा शिरतो. त्याने जुनं कॅलेंडर कापलं. सगळ्या पट्ट्या सहज निघाल्या, एकादशीसकट. मग म्हापशाच्या बाजारातून जाड रबर आणून चारही दारांना जुन्या रबरावरूनच चिकटवलं. आता वारा काय, दारही आत येईना. आपटल्याशिवाय लागत नसे. सकाळी कामाला तुयेला जाताना चार वेळा धाड, संध्याकाळी चार वेळा. (तो एकटाच जातो, पण खात्री म्हणून चारही आपटतो.) तिसऱ्या दिवशी शेजारचे गोकुळदासकाका टोपी सारखी करत आले आणि म्हणाले, "प्रज्योत, घोवबायलांचें झगडें घरांत बसून सोडवात रे. गाडयेचो कितें गुन्यांव?" मी चहा केला. दोघांनी मिळून काकांना आमचं बरं चाललंय हे पटवायला तासभर गेला, आणि त्या नादात आमचं खरंच भांडण झालं.

शेवटी गाड्या दुरुस्त करणारा धारगळचा साईश मेस्त आला. त्याने दारांच्या फटी चिकटपट्ट्यांनी बंद केल्या, दर फेरीला एकाच दाराची पट्टी काढायची ठरवली, मला मागे बसवलं आणि हातात रबरी नळी दिली: एक टोक कानात, दुसरं दाराच्या कडेने फिरवायचं. तो चालवणार, मी शीळ शोधणार. अशी मी कोलवाळच्या पुलावरून तीनदा गेले. (संध्याकाळी मंजुळाकाकूंचा फोन आला: अमृताला गाडीत सलाईन लावून कुठे नेत होते?) शीळ डाव्या मागच्या दाराला सापडली, म्हणजे आईंच्याच. साईशने रबर उपसलं आणि हात मागे घेतला. रबराखाली भाताचं एक कणीस होतं, आंब्याच्या पानात गुंडाळलेलं. आपण पंचमीला नव्या भाताची कणसं घराच्या दाराला बांधतो ना, ती. आईंनी हिशेब सरळ केला होता: दाराला कणीस, आणि गाडीला दारं चार. डिकी धरून पाच.

"वयनी, हें काडपाक माका सांगूं नाका," साईश म्हणाला आणि चपला काढून उभा राहिला. मलाही ते कणीस काढवेना. आईंना सांगायचं कसं, हे तुमच्या भावाने माझ्यावर सोपवलं आणि स्वतः विहिरीचा पंप बघायला गेला, जो चालूच होता. मी आईंना कानात यंत्र घालायला लावलं आणि सांगितलं. त्या म्हणाल्या, "घराचीं दारां कधी वाजलीं नात. ही गाडीच नखऱ्याची." उठल्या, हात धुतले, पाचही कणसं काढली आणि पुढच्या काचेपाशी गणपतीजवळ एकत्र बांधून ठेवली.

काल गुरुवार होता. आई यंत्र लावून बसल्या. वळणाचा दिवा टिकटिकला तर "टिचक्यो कोण मारता?" म्हणाल्या. अस्नोड्यापर्यंत त्यांनी प्रत्येक वळणावरच्या माणसाची कुंडली सांगितली. डिचोलीला मावशींनी सवयीने ओरडून विचारलं, "जेवतलीं मगो?" आई म्हणाल्या, "बोवाळ कित्याक करता? आयकूं येता." मग दोघी इतक्या हळू बोलायला लागल्या की आम्हांला ओटीवर एक शब्द ऐकू येईना. आम्ही तिथेच बसून राहिलो. खूप बरं वाटलं.

तुमची,
अमृता

ता. क. तुमची नवी गाडीही शीळ घालते, शोरूमवाल्यांनी दोनदा दारं उघडली, भावोजी त्यांच्याशी भांडले, असं निहार म्हणाला. भावोजींना जरा थांबवा. पंचमीला तुमची गाडी आमच्या अंगणात होती, आणि आई कणसांची परडी घेऊन बराच वेळ बाहेर होत्या.

ता. क. २. तुम्ही काढू नका. आई म्हणतात, ज्या हाताने ठेवलं त्याच हाताने काढायचं. ते हात कोरगावला आहेत आणि पंचमीपासून तुमची वाट बघतायत. रविवारी या. जेवायलाच या, उभ्या उभ्या नको.

ता. क. ३. वीस वर्षं या घरात आहे, हा नियम कधी ऐकला नव्हता. खरंच असा नियम आहे का, म्हणून आत्ता आईंना विचारलं. त्यांनी यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं.