व्याह्यांचं उडतं घोडं

आदरणीय व्याहीबुवा,

आम्हा उभयतांचा नमस्कार घ्यावा आणि त्यातला निम्मा विहीणबाईंना पोचता करावा. तुमचा गुडघा काय म्हणतो? विहीणबाईंचा खोकला गेला, की अजून मुक्कामाला आहे? आमची लेक, म्हणजे आता तुमची सून, फोनवर "मी मजेत" एवढं सांगते आणि ठेवून देते. कामाचा व्याप आहे, सुट्टी मिळत नाही, हे आम्ही समजून घेतो. (मी समजून घेतो. तिची आई समजून घेतल्यासारखं करते.) गेल्या उन्हाळ्यापासून पोरीचं तोंड पाहिलेलं नाही, तेवढं सोडलं तर इकडे सगळं ठीक आहे.

पत्राचं कारण तुमचा ड्रोन. मागच्या खेपेला तुम्ही तो आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत उडवलात, तो धुळीत उतरला, आणि तुमची गाडीची वेळ झाली. "जरा पुसून रिमोटसकट कपाटात ठेवा, महिनाअखेरीस येईन तेव्हा नेतो," असं म्हणून तुम्ही निघालात. तुम्ही वळणावर दिसेनासे झालात तशी आमची ही म्हणाली, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं." मग आपण ही म्हण खऱ्याखुऱ्या व्याह्यांना लावली हे ध्यानात येऊन तिनं जीभ चावली. (राग मानू नये. जन्मभर म्हण वापरली, नेमकी लागू पडायचा योग पहिल्यांदाच आला.) दुसऱ्याची वस्तू परत करायची ती आली त्याहून स्वच्छ करून, हा तिचा नेम, आणि ही वस्तू तर लेकीच्या सासरची. "बिघडली तर ते काही बोलणार नाहीत," ती म्हणाली, "आणि तेच वाईट."

माझी हयात शिलाई मशीनवर गेली हे तुम्हाला ठाऊक आहेच. शिकवलं कुणी नाही, उघडून उघडून शिकलो, आणि त्यातून एक ज्ञान मिळालं: जे फिरतं त्याला तेल द्यावं. तेव्हा आधी बॅटरी काढली (तेवढी अक्कल शाबूत होती), मऊ ब्रशनं धूळ झाडली, कॅमेऱ्याची काच चष्म्याच्या फडक्यानं पुसली, आणि चारही मोटरींना मशीनच्या तेलाचा एकेक थेंब पाजला. बॅटरी काढल्यापासून कॅमेऱ्याची मान लुळी पडली होती, ती मी बोटानं दोनदा वर उचलून पाहिली. ही म्हणाली, "डुलकी लागलीय त्याला. तुमचीही मान अशीच पडते खुर्चीत." बॅटरी घातली तशी मान ताठ झाली, इकडेतिकडे वळली आणि माझ्यावर रोखून थांबली. तेव्हापासून त्याच्यासमोर नुसत्या बनियनवर बसायला संकोच वाटतो.

तेल मात्र अंगाशी आलं. आत राहिलेल्या धुळीचा त्या तेलात चिखल झाला, आणि तो कानात घालायच्या कापसाच्या काड्यांनी काढत बसलो. एवढं करून मोटर सुरू केली तर एक मोटर दात खाल्ल्यासारखी कर्रकर्र करू लागली. आता बघा, आमच्या घरात सगळी शस्त्रक्रिया होते ती शिवणाच्या टेबलावर, आणि त्या टेबलावर सांडलेल्या टाचण्या वेचून कधीच संपत नाहीत. तुमच्या मोटरीच्या पोटात लोहचुंबक असतो हे मला कुठून माहीत असणार? तिनं एक टाचणी गुपचूप गिळली होती. चिमट्यानं ती काढली, आणि काढल्यावर मला इतका आनंद झाला की पुन्हा टाचणी जवळ नेऊन ती कशी झेप घेते ते पाहत बसलो. ही म्हणाली, "दुरुस्ती चाललीय की खेळ?" मी म्हटलं, दोन्ही.

तेवढ्या वेळात तिनं आपला वाटा उचलला होता. चारही पाती मोरीवर नेऊन, काथ्यानं घासून, आरशासारखी करून वाळत घातली. दोन पात्यांच्या मुळाशी पांढरा रंग लागला होता, तो काही केल्या निघेना. तिला वाटलं, व्याह्यांकडे भिंतींचं रंगकाम निघालेलं दिसतं. शेवटी नखानं खरवडून काढला. पाती पुन्हा बसवली, यंत्र सुरू केलं, तर त्यानं वर जायच्या ऐवजी कोलांटी मारली आणि उताणं पडलं. पात्यांची अदलाबदल केली. या खेपेला ते जमिनीला असं चिकटलं की जणू तिथलाच भाडेकरू, आणि वारा खालून वर सुटला. खिडकीचा पडदा दांडीवर जाऊन बसला.

तेव्हा कळलं की पाती दोन जातींची असतात. सदऱ्याच्या बाह्यांसारखी: डावी उजवीकडे लावली की लागते, पण अंगात घातल्यावर समजतं. तो पांढरा रंग ही त्यांची ओळख होती. मग ही एक पातं हातात घेऊन छताच्या पंख्याखाली सरळ उताणी झोपली आणि मला पंखा अगदी हळू करायला लावला. बराच वेळ पाहून म्हणाली, "जी कड पुढे चालते ती वर उचललेली आहे, मागची खाली. फरशीवरचं पाणी लोटताना मी फडकं असंच तिरकं धरते." पंचवीस-तीस वर्षं त्या पंख्याखाली झोपलो, कधी वर पाहिलं नव्हतं.

पण नवंच कोडं उभं राहिलं. शेजारच्या दोन मोटरी एकमेकींच्या उलट्या का फिरतात? मी फिरत्या स्टुलावर बसलो, पाय वर घेतले आणि हातातली थंड इस्त्री झटकन उजवीकडे फिरवली, तर मी डावीकडे फिरलो. चारही मोटरी एकाच बाजूला फिरल्या तर बिचारं यंत्र उलट्या बाजूला भोवऱ्यासारखं फिरत राहील, असं माझं मत झालं. (चूक असेल तर कळवावं. इस्त्रीचा प्रयोग तुम्ही करू नका, गुडघा सांभाळा.)

आता गाडी अडलीय ती इथे. कुठली मोटर कुणीकडे फिरते ते वेगात डोळ्याला दिसत नाही. ड्रोन टेबलावर पाय वर करून पडलाय, पाती बाजूला काढलीत. अशा वेळी पोरीची आठवण येते. घरातला मिक्सर असो की रेडिओ, बिघडलेलं काही दिसलं की तिला घास गोड लागत नसे.

आपला,
व्याही

ता. क. हे फक्त तुमच्यासाठी. वर लिहिलेलं अक्षर अन् अक्षर खरं आहे, पण ते मंगळवारपर्यंतचं. बुधवारी हिनं पाती नसलेल्या मोटरींच्या फिरत्या कडेला कागदाची पट्टी हलकेच टेकवून पाहिली. पट्टी वळेल ती दिशा. आता तुमचं घोडं झकास उडतं. ही त्याला गच्चीवरून वर नेते आणि रिमोटच्या पडद्यावर आपल्याच डोक्याचे पांढरे केस पाहून खाली आणते.

दुसरा ता. क. हे पत्र सूनबाईंना सहीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवावं, पुढचं नाही. आठवण येते म्हणून बोलावलं तर सुट्टी मिळत नाही. यंत्र उघडं पडलंय म्हटल्यावर मिळेल असा आमचा अंदाज आहे. तुम्ही याल तेव्हा तिला सोबत आणा, एवढंच मागणं.

तिसरा ता. क. ही विचारते, तुम्ही निघताना फोन कराल ना? पाती पुन्हा काढून ड्रोन टेबलावर उताणा पाडायला तिला थोडा वेळ लागेल.