खिडकीच्या फटीतला शब्द

लुंड, ४ फेब्रुवारी १९३१

ती. अल्माताईस,
तोश्तेनचा सा. न. वि. वि.

आमच्या शब्दकोशात ‘ह’ चालू आहे आणि मी ‘हातशेर्लेक’पाशी अडकलोय. द्वेष आणि प्रेम एकाच दाव्याला बांधणारा शब्द! तो आधी कुणी लिहिला, याचा जुना पुरावा सापडत नाही. सगळी पुस्तकं पालथी घातली, डोकं फुटायची वेळ आली. पण मला पक्कं आठवतंय, आई हा शब्द पंचांगाच्या कडेला लिहायची. मी तिथेच वाचायला शिकलो. १८९४चं पंचांग लगेच पाठव. महिनाअखेर पानं छापायला जातात.

लोभ आहे तसाच ठेव.
तोश्तेन

मोस्हुल्ट, ११ फेब्रुवारी

चि. तोश्तेनास अनेक आशीर्वाद.

वा रे पंडित! आई जाऊन पाच महिने झाले, एकदा फिरकला नाहीस. आता शब्द हवा म्हणून बहीण आठवली! पंचांगं कापली मी. ऑक्टोबरात थंडीसाठी आतली जादा तावदानं बसवली, तेव्हा पट्ट्या करून फटींवर चिकटवली. नवा कागद कोण आणून देणार होतं, तू? आता मे महिन्यात खिडक्या काढेन तेव्हा बघू.

रागावले तरी बहीणच आहे.
अल्मा

लुंड, १५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

काय करून बसलीस गं! कपाळावर हात मारून घेतला. चुकलो, हवं तर कान धर. पण मेपर्यंत थांबलो तर माझं पान पुराव्याविना जाईल. ओलं फडकं लावून तेवढी पट्टी सोडव. पाया पडतो.

माया आटवू नकोस.
तोश्तेन

मोस्हुल्ट, २२ फेब्रुवारी

चि. तोश्तेनास आशीर्वाद.

घे तुझा पुरावा, सोबत जोडलाय. उत्तरेच्या खिडकीवर होता. तीन खिडक्या उकलल्या तेव्हा मिळाला. बाहेर पाणी दगड झालंय आणि वारा थेट माझ्या पाठीत शिरतोय.

‘१४ मार्च. अल्मानं सुताराच्या मुलाला नकार दिला. माझ्यासाठी घरी राहणार म्हणते. तिला पाहिलं की जीव गुदमरतो, दिसली नाही तर जेवण उतरत नाही. या पोरीबद्दल मला हातशेर्लेक आहे.’

मला वाटायचं, तिला माझा आधार वाटतो. सदतीस वर्षं तिचं केलं रे! रागानं पट्टी चुलीत टाकणार होते. मग वाटलं, मलाही तिच्याबद्दल अगदी हेच वाटत होतं. ती लिहून मोकळी झाली, मी भांडी आपटत राहिले.

छाप. माझं नाव तेवढं घालू नकोस.

फट उघडीच आहे. कागद पाठवू नकोस, घेऊन ये.
अल्मा